रेडिओवाल्यांचा दुसरा माईक

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. हैदराबादच्या रेडिओवरचे एक साहेब बायकांची गाणी भरून घ्यायला आमच्या आळंदला आले. गल्लीत कुणाचंही बारसं असो, पाळणा म्हणायला बोलावणं मलाच यायचं. आवाज मोठा, शेतातून हाक मारली तर ओढ्यापलीकडं ऐकू जायची. सासूबाईंनीच माझं नाव पुढं केलं.

आमच्या आडतीच्या वखारीत तुरीची पोती आढ्यापर्यंत रचलेली होती. तिथं आवाज घुमत नाही म्हणून साहेबांनी तीच जागा निवडली. मोटारीच्या बॅटरीवर यंत्र सुरू केलं आणि एक चकचकीत गोल माईक माझ्या तोंडासमोर आणला. दारात बाजारातली माणसं जमली होती, थोरले दीरही होते. मी डोईवरचा पदर नीट करून पहिली ओळ म्हटली.

साहेबांनी कानावरचं यंत्र ओढून काढलं. "अक्का, जरा मागं सरा. आवाज फाटतोय."

सरले. पुन्हा तेच. आणखी मागं. होता होता पाठ पोत्यांना टेकली. दारातून कुणीतरी म्हणालं, "हिला अक्कलकोटला उभी करा, मग बरोबर बसंल!"

सगळे हसले. दीरही हसले. माझे कान तापले. बाईमाणसाला एवढा आवाज असावा का, असं तोवर कधी मनात आलं नव्हतं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेटीतून कापडात गुंडाळलेला दुसरा माईक काढला, जड, चौकोनी. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "तो भाषणाचा माईक. हा नाजूक, जपावा लागतो, म्हणून काढला नव्हता. गाण्याला हाच पाहिजे होता. आता मोकळ्या गळ्यानं गा."

मी गायले, पण गळा उघडेना. सासूबाई जवळ आल्या. "कामून दबकून गायलीस गं? घरी अशी गातीस व्हय?"

"अत्या, मला येईना."

साहेब थांबायला तयार होते. पुन्हा घेऊ म्हणाले. मी नकाराची मान हलवली आणि मागच्या दारानं घरी आले.

पुढं एका संध्याकाळी आडतीतल्या रेडिओवर तो पाळणा लागला. घरचे सगळे भोवती बसले होते. बारीक, घाबरलेला आवाज आला. सासूबाईंनी विचारलं, "ही कोण गायलीय?" दीरच म्हणाले, "चांगलं झालंय की." त्यांच्या त्या समजूत घालण्यानं मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर आळंदात मी बारशाला गेले की स्वयंपाकघरात काम शोधायची. वर्षभरानं संतपूरला बहिणीच्या लेकीचं बारसं होतं. तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. मी पूर्ण आवाजात सुरुवात केली. पोरगी दचकून जागी झाली, बायका हसल्या. त्या कौतुकानं हसल्या, हे मला कळत होतं. तरी पुढची ओळ मी हळूच म्हटली.