कापसाच्या खोलीतले रूळ

आमच्या यवतमाळच्या घरातली मागची खोली तशी माझी नाही. घर माझ्या नावावर आहे, पण दिवाळीनंतर त्या खोलीत दादाचा कापूस येतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. कळंबकडच्या गावात तो आमची दोघांची शेती करतो आणि मी इथे कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. गावच्या घरात जागा अपुरी, म्हणून वेचलेला कापूस आमच्या खोलीत छतापर्यंत भरायचा आणि भाव चढायची वाट पाहायची, ही आमची जुनी पद्धत. मी शेतात पाय ठेवत नाही, तूर मात्र पोत्याने घरी आणतो. म्हणजे वेळेवर खोली रिकामी ठेवणं एवढंच काम माझ्या वाट्याचं. तेवढंही मला जमलं नाही.

उन्हाळ्यात ती खोली मोकळी असते. गेल्या उन्हाळ्यात मला तिथे छोटी, विजेवर चालणारी रेल्वे मांडावीशी वाटली. माझ्या वयाचे सहकारी प्लॉट घेतात, गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतात. मी आगगाडी घेतली. बायकोने विरोध केला नाही. कापूस यायच्या आधी सगळं उचललं गेलं पाहिजे, एवढीच अट घातली.

या अटीमुळेच मी तुकड्यांचे रूळ निवडले. रूळ दोन प्रकारचे मिळतात. एक लांब पट्टी, हवी तशी वाकवायची, कापायची आणि कायमची ठोकायची. दुसरे म्हणजे सरळ आणि वळणाचे तयार तुकडे. ते एकमेकांत अडकवायचे आणि हवं तेव्हा सोडवायचे. वर्गात सांगतो तसं मी बायकोला हे समजावून सांगितलं. सगळी गाडी तासाभरात सुटून डब्यात जाईल, असंही म्हणालो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मग डबा आधी आणा,” ती म्हणाली.

डबा मी आणला नाही. कुलरसमोर बसून कागदावर नकाशे काढत राहिलो. तयार तुकड्याला थोडा वाक म्हणून चालत नाही. त्याची लांबी ठरलेली, वळण ठरलेलं. मोठ्या वळणाचा गोल घेतला तर खोलीचं दार उघडेना, म्हणून सर्वांत आवळ वळण घेतलं. त्या गोलाला स्टेशन जोडायचं होतं. गाडी बाजूच्या रुळावर घेऊन पुढे परत मुख्य रुळावर आणायची तर दोन सांधे लागतात, एक डावा आणि एक उजवा. मी दोन्ही डावे मागवले. मुलांना दिशा शिकवून माझी नोकरी संपत आली आहे. पार्सलवाल्याने गोंधळ केला, असं मी घरी सांगितलं.

परत पाठवले असते तर खरं कारण बाहेर आलं असतं, म्हणून दोन्ही डावे सांधे बसतील असा नवा नकाशा काढला. त्यात गोल पूर्ण होईना. शेवटच्या दोन टोकांमध्ये बोटभर फट राहिली. फटी भरायला लहान तुकडे मिळतात, पण माझ्या मापाचा कोणी बनवत नाही. मग मी टोकं ओढून जुळवली. ती सुटू लागली तेव्हा एक खिळा मारला. त्या खिळ्याने शेजारचा तुकडा उचलला गेला, म्हणून तिथेही मारला. असं करत सगळा गोल खालच्या, स्टुलांवर टेकवलेल्या मोठ्या फळीला ठोकला गेला. मग खिळे वाईट दिसतात म्हणून शेजारच्या बांधकामावरची बारीक गिट्टी चाळून आणली आणि गोंद ओतून रुळांभोवती बसवली. ती दगडासारखी घट्ट झाली. त्या वेळी कापसाची आठवणच झाली नाही असं म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. आठवण झाली होती. यंदा पाऊस लांबला, वेचणी उशिरा येईल, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळीनंतर दादा भरलेली पिकअप घेऊन आला. फोन केला नव्हता. आपल्याच घरी येताना कोण फोन करतं? त्याने दार उघडलं. फळीने खोली व्यापली होती. त्याने रुळाच्या एका तुकड्याखाली नख घालून पाहिलं.

“हे त खिळलेलं हाय.”

फळीच्या खाली आणि भोवती कापूस भरता येईल, असं मी सुचवलं. गाडी कशावर चालते, असं त्याने विचारलं. वीज अगदी कमी दाबाची आहे, म्हणत मी त्याला ट्रान्सफॉर्मरचं काम समजावू लागलो. अजूनही ते आठवलं की कान तापतात.

“कापसाजवळ करंट नाही ठेवत, बापू,” तो म्हणाला.

चहा पिऊन तो पिकअप घेऊन गेला आणि त्या दिवशीच्या भावाने व्यापाऱ्याला कापूस देऊन टाकला. त्या आठवड्यात बायको माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलली.

त्यानंतर मी रोज पेपरमध्ये कापसाचा भाव पाहू लागलो. तो पडावा, अशी माझी इच्छा होती. पडला असता तर दादाने वेळेवर विकला असं ठरलं असतं आणि मी सुटलो असतो. एका खोलीची लाज झाकायला मी अख्ख्या जिल्ह्याचं नुकसान मागत होतो. स्टाफरूममध्ये कोणी भाव वाढणार म्हणालं, की मी ब्राझीलच्या पिकाचे दाखले द्यायचो. भाव वाढला.

मग एका सुटीला गावी निघालो. वाटेत कळंबला चिंतामणी गणपतीसमोर उभा राहिलो, पण काय मागावं ते ठरेना. दादा अंगणात तुरीचं पोतं शिवत बसला होता. मी सगळं सांगून टाकलं. उचलता येतील म्हणून घेतलेले रूळ मी जाणूनबुजून ठोकले, कापूस येणार हे ठाऊक असून ठोकले. तो शिवत राहिला. मग दाभण बाजूला ठेवली.

“गाडी चालते का पण?”

“नाही.”

“काहून?”

“दोन टोकं ओढून जुळवली ना, तिथं डबा रुळावरून उतरते. दर फेरीले.”

दादा हसायला लागला. आधी आवाजच नव्हता, नुसतं पोट हलत होतं. मग त्याने वहिनीला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. दोन्ही सांधे डावे, हे ऐकून वहिनीने पदर तोंडाला लावला. रागासाठी मी वाटभर तयारी केली होती. हसण्याची केली नव्हती.

“दुसऱ्या वेच्याचा कापूस बाकी हाय,” डोळे पुसत दादा म्हणाला. “भाव बी चढून राह्यला. रविवारी घेऊन येतो. निघन का थे?”

निघेल, म्हणालो.

फळी तशीच उभी केली तर गिट्टीचे खडे कापसात जातील, म्हणून घरी येऊन गिट्टीवर गरम पाणी ओतलं. ती भिजली की उलथण्याने खरवडायची, पकडीने खिळा उपटायचा, पुढच्या तुकड्याकडे जायचं. बरेच तुकडे मोडले. ओढून जुळवलेला जोड मात्र पहिला खिळा निघताच आपोआप सुटला. रविवारी पिकअप दाराशी आली तेव्हा मी फळी भिंतीला उभी करत होतो. दादाने पहिलं गाठोडं खोलीत सोडलं, कापूस पसरला आणि त्याने माझ्या पायांकडे पाहिलं.

“चप्पल काढ. चढ वर आन तुडव.”

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चढलो. दादा आणि बायको खालून गाठोडी देत होते, मी तुडवत होतो. पोटऱ्यांना खाज सुटली होती. दुपारपर्यंत डोकं छताला लागलं आणि मला वाकून उभं राहावं लागलं. अजून किती आहे, असं मी वरून विचारलं. बरंच आहे, असं खालून उत्तर आलं.