पडीक म्हणून लिहिलेला भाठा

रिपोर्टवर माझी सही तेवढी बाकी होती. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला रतनजोत लावायची होती. तिच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल करतात. पिकाखालची जमीन घ्यायची नाही, फक्त पडीक, अशी कंपनीची अट होती. माझं काम लँड-यूज सर्व्हेचं, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरतात ते नोंदवायचं. भर मे महिन्यात मी तीन दिवस कंपनीनं निवडलेल्या गावच्या भाठ्यावर हिंडले. भाठा म्हणजे लाल मुरमाड माळ. गवताची काडी नाही, जनावर नाही. फॉर्मवर ठोकून दिलं, ‘पडीक, वापर नाही.’

आमची जीप मेश्रामकाका चालवायचे. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, रुआबांध्यात आमच्याच गल्लीत राहणारे. परतताना त्यांनी विचारलं, "पोरी, काय लिवलं तू?"

"पडीक."

"गावात ढोरं दिसले का तुले?"

"लय दिसले. सारे वावरातच चरून राहिले होते."

"मंग पावसाळ्यात वावरात धान राहते. तवा ते कुठं जातीन?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. इकडे धान कापलं की गुरं शेतात मोकळी सोडतात. पेरणी झाली की राऊत, म्हणजे गावचा गुराखी, सगळा कळप भाठ्यावर नेतो. पीक घरात येईपर्यंत गुरांचं पोट त्या माळावरच. रतनजोतीच्या पाल्याला तर गुरं तोंडही लावत नाहीत. माझ्या एका सहीनं गावाचा चारा गेला असता. स्वतःचीच लाज वाटली.

बॉसला सांगितलं, ऑगस्टमध्ये परत जावं लागेल.

"मॅडम, क्लायंट भाग जाएगा. साइन कीजिए."

"तो किसी और से करवा लीजिए, सर."

बॉस फणफणला, पण सही करायला दुसरं कोणी मिळेना. ऑगस्टमध्ये गेलो तर भाठा हिरवागार आणि अख्ख्या गावाची गुरं त्यावर. फोटो लावून रिपोर्ट नव्यानं लिहिला. कंपनीनं भाठा सोडला. ज्या शेतकऱ्यांना हवी होती त्यांच्या बांधावर कुंपण म्हणून रतनजोत लागली. तेल निघतं, पण बेताचं. त्या क्लायंटनं आम्हाला पुन्हा काम दिलं नाही.

काकांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांना तसं म्हटलं तर ते हसले. "उपकार कायचे वं? गोंदियाकडं लहानपनी ढोरंच राखले म्या."

आता कुठल्याही गावी गेले की आधी गुराख्याला गाठते. जमिनीचे कागद ठेवणारा पटवारी नंतर.