तेरा पिंपात, एक खिडकीत

माझ्या लग्नाच्या फोटोत माझा डावा कान, बायकोचा अख्खा मामा आणि मांडवाचा खांब अगदी स्पष्ट आले आहेत. हा फोटो ह्युबर्ट रॉड्रिक्सने काढला. मालवणात चाळीस वर्षं त्याचा स्टुडिओ होता आणि तो माझा शेजारी आहे, त्यामुळे या विषयावर मी आजवर गप्प बसलो. पण गेल्या मे महिन्यात त्याने मला पंच म्हणून घरी बोलावलं, तेव्हा मनातल्या मनात मी तो फोटो बरोबर घेऊनच गेलो.

प्रकरण असं होतं. ह्युबर्टची मुलगी ग्लिनिस पणजीला हॉटेलात नोकरी करते. बंद पडलेल्या स्टुडिओची पर्यटकांसाठी खोली करायची असं तिने ठरवलं. डार्करूमच्या जागी बाथरूम, आणि जाहिरातीत 'समुद्रदर्शन'. समुद्र दिसतो, नाही असं नाही. बाथरूमच्या खिडकीतून, स्टुलावर उभं राहिलं की. सोमवारी रंगारी येणार होते. वडिलांच्या सामानासाठी ग्लिनिसने कपाटातला एक खण दिला होता. ह्युबर्टकडे जुन्या लेन्स चौदा आणि खणात मावत होत्या चार. बाकीच्या विकायच्या. कुठल्या ठेवायच्या हे रविवारी ठरवायचं, एवढाच प्रश्न.

त्या प्रश्नापायी तो आठ दिवस जेवला नाही असं त्याची बायको पिएदाद म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं की जेवत होता, फक्त तळलेला मासा दुसऱ्यांदा मागत नव्हता.

चौदा लेन्स जमल्या त्या भाऊबंदांमुळे. ह्युबर्टचे अर्धे मावसभाऊ जहाजावर. कुठल्या कुठल्या बंदरातून कुणीतरी वापरलेली लेन्स उचलून आणायचा, 'तुझ्यासाठी आणली' म्हणायचा, आणि बदल्यात पोरीच्या लग्नाचे फोटो फुकटात काढून घ्यायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! ह्युबर्ट ती लेन्स एकदा लावून बघायचा, 'जर्मन ती जर्मन' म्हणायचा आणि पुसून ठेवायचा. लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग हे सगळं त्याने कॅमेऱ्याबरोबर आलेल्या, या चौदांत नसलेल्या साध्या लेन्सवरच काढलं. माझा कानही तिच्यातलाच.

आमच्या खाऱ्या, दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. त्यावर ह्युबर्टने उपाय काढला होता. फडक्यात बांधून त्या तो तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायचा. उकड्या तांदळात त्या ठणठणीत राहिल्या. पिएदाद पेजेला तांदूळ काढायला गेली की हाताला आधी जपान लागायचा, मग रशिया. एकदा एका लेन्सचं झाकण पेजेत शिजलं. ते ह्युबर्टच्याच ताटात आलं, हा पिएदादच्या मते देवाचा न्याय.

पण पिंपात तेराच. चौदावी खिडकीत, कारण ती मयताची लेन्स. इथल्या ख्रिस्ती घरांत माणूस गेलं की उघड्या पेटीभोवती घरचे उभे राहतात आणि फोटो काढतात. ज्यांना गल्फमधून, मुंबईतून येता आलं नाही त्यांना तो पाठवायचा. ह्युबर्टने त्यासाठी वेगळी लेन्स ठेवली होती. ती लग्नात वापरायची नाही, आणि जिवंत माणूस एकटं तिच्यासमोर उभं करायचं नाही, हा त्याचा नेम. तो त्याने कसोशीने पाळला. एकदा फक्त सवयीने पेटीमागच्या लोकांना 'हसा' म्हणाला, आणि दोघे जण हसलेही. मयतावरून आलेली वस्तू माझ्या तांदळात नको, असं पिएदादने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून ती खिडकीत राहिली आणि तिच्यात बुरशीची पांढरी जाळी पसरली.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा टेबलावर दोन ढीग व्हायचे होते.

"ही जर्मन," ह्युबर्ट म्हणाला. "मास्तरानू, हिका विकूची म्हणजे काय?"

"ठेव," मी म्हणालो.

"ही रशियन. जड आसा, पण मोठ्या भावाची आठवण. ही तेच्या मेव्हण्याची."

बारा वाजेपर्यंत ठेवायच्या ढिगात तेरा लेन्स झाल्या. विकायच्या ढिगात एक. मयताची. ती कोणी घेणार नाही याची त्याला पुरेपूर खात्री होती.

गिऱ्हाईक आलं ते साडेबाराला. विनीत नावाचा पुण्याचा मुलगा, तारकर्लीच्या वाळूत लग्नाआधीच्या जोडप्यांना पळवून त्यांचे व्हिडिओ करणारा. ग्लिनिसने इंटरनेटवर टाकलेले फोटो बघून आला होता. त्याने जर्मन उचलली, ठेवली. रशियन उचलली, ठेवली. "खूपच क्लीन आहेत अंकल," तो हिरमुसून म्हणाला. चाळीस वर्षं पिंपात सांभाळल्याचं हे फळ. मग त्याने चौदावी उजेडात धरली आणि त्याचा चेहराच फुलला.

"अंकल, ही कुठे होती? काय कॅरॅक्टर आहे हिला!"

आम्ही ज्याला बुरशी म्हणतो त्याला पुण्यात कॅरॅक्टर म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. पण ह्युबर्टची छाती फुगली. त्याच्या कुठल्याही लेन्सला उभ्या आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं.

"तशी ती स्पेशलच आहे," तो साहेबी मराठीत म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने पंख्याकडे बघितलं.

विनीतने सांगितलेला भाव ऐकून मीही पंख्याकडे बघितलं. मधे एक कडं लावून त्याने ती लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवली. तेवढ्यात पिएदाद कोकम सरबताचे पेले घेऊन दारात आली.

"आंटी, तिथेच थांबा. हललात तर लाइट जाईल."

ह्युबर्ट खुर्चीवरून उठला. "तिका नुको," तो म्हणाला. "रे, त्या लेन्सीन तिका नुको."

फोटो निघाला होता. ह्युबर्टचा चेहरा उतरला. "ती मयताची लेन्स रे," तो कसाबसा म्हणाला, आणि काय ते सगळं सांगून टाकलं.

विनीतने लेन्स पुन्हा निरखून बघितली. मग म्हणाला, "अंकल, हे तर आणखी भारी. हिला स्टोरी आहे." आणि त्याने भाव वाढवला. वाळूत पळणाऱ्या कुठल्या जोडप्याला तो ही स्टोरी ऐकवणार होता, देव जाणे.

पिएदादने पेले ठेवले आणि कॅमेऱ्यात आपला फोटो बघितला. मीही वाकून बघितला. घरातला गाऊन, हातात ट्रे, आणि केसांभोवती चर्चमधल्या साधुसंतांसारखं धुकट तेज. सुरकुत्या विरघळून गेल्या होत्या. 

"बरो इलो," पिएदाद म्हणाली. मग विनीतला म्हणाली, "ही विकूची नाय."

"अगो, हीच एक विकूची आसा," ह्युबर्ट म्हणाला.

"बाकीच्यो खंयच्योय दी. ही ऱ्हवतली. आठ दिवस लेन्सी पुसत बसलंस. एकदा तरी माका इचारलंस, तुका खंयची होयी? माझो शेवटचो फोटो कशान काढतलंस?"

ह्युबर्टने माझ्याकडे बघितलं. पंच म्हणून मला काही बोलायला हवं होतं. मी सरबत प्यायलो.

तिने विनीतकडून ती लेन्स सोडवून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि स्वयंपाकघरात गेली. आम्ही मागोमाग. पिंपाचं झाकण काढून तिने कोपरापर्यंत हात घातला आणि लेन्स तांदळात खोल पुरली.

"तांदळात?" ह्युबर्ट म्हणाला. "तूच नुको म्हणालेलंस."

"तेवा ती लोकांची होती."

विनीत दोन जर्मन घेऊन गेला, तेही आंटींना वाईट वाटू नये म्हणून. ठेवायच्या चारांतली एक पिंपात गेलीच होती; उरलेल्यांतल्या तीन खणात गेल्या, बाकीच्या विकायच्या ढिगात. कुठल्या, हे ह्युबर्टने पाच मिनिटांत ठरवलं. मग पिएदाद हात पुसत बाहेर आली. "आता बटण खंय दाबूचा ता माका शिकय," ती म्हणाली. "तू आदी गेलंस तर?"

चाळीस वर्षांत ह्युबर्टने आपल्या कॅमेऱ्याला कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. त्याने तो तिच्या गळ्यात घातला, माझ्या लग्नातली साधी लेन्स लावून दिली, आणि स्वतः भिंतीशी जाऊन केस सारखे करून उभा राहिला. पिएदादने एक डोळा मिटला.

"हस मरे," ती म्हणाली.

माझा कान मधे येऊ नये म्हणून मी बाजूला सरकलो.