उलटा त्रिकोण काढणाऱ्या बाई

म्हसवडच्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचा बरोबर उत्तरावर मुळीच विश्वास नव्हता. चुकलेलं उत्तर त्या शांतपणे पाहत. बरोबर आलं की मात्र चष्मा कपाळावर सारून विचारत, "आलं कसं? कुणाचं पाहिलंस?" मुलं त्यांना फौजदारबाई म्हणत. मीही म्हणे.

आमच्या घरी मेंढरं. बापूनं, म्हणजे माझ्या वडलांनी, बजावलं होतं, "मॅट्रिकला गनितात गेलीस तर लगीन." दहिवडीचं स्थळ तयारच होतं. म्हणून मी भूमिती अशी घोकली, की सहामाहीत वर्गात पहिली आले. बाईंनी लगेच फळ्याशी बोलावलं. पुस्तकातलाच त्रिकोण काढला, पण टोक खाली, आणि अ-ब-कच्या जागी म-न-प. "हेच प्रमेय कर." मी त्यात अ-ब-क शोधत राहिले. मी कुणाचं पाहिलं नव्हतं. प्रमेयं अक्षरांसकट पाठ केली होती, आरतीसारखी. वर्ग खो खो हसला. मेंढरंवाल्याची पोर पुढं गेलेली बाईंना बघवत नाही, अशी माझी खात्रीच झाली.

त्यानंतर बाई मला दर रविवारी घरी बोलवू लागल्या. आई म्हणाली, "फुकाट कोन शिकीवतंय गं? बाईचा कायतरी डाव आसंल." मलाही तेच वाटे. सोडवलेलं उदाहरण एकदा वाचू देऊन बाई त्यावर पोस्टकार्ड ठेवत आणि कोऱ्या कागदावर करायला लावत. चुकलेलं उदाहरण पुढच्या रविवारी, न सांगता, आकडे बदलून पुढ्यात येई. "वाचून समजलं म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा नाही," त्या म्हणत. चहा आणायला आत जातानासुद्धा पुस्तक बरोबर घेऊन जात. मला याचा फार अपमान वाटे.

मी पास झाले, गणितात चांगल्या गुणांनी. बाईंची तोवर साताऱ्याला बदली झाली होती. सांगलीच्या कॉलेजला निघाले, तेव्हा स्टँडवर बापू म्हणाला, "तुझं लगीन मॅट्रिकची वाट न बघता गेल्या दिवाळीतच उरकायचं व्हतं. बाई घरी आली. म्हनली, पोर पास हुईल, मी शब्द देते. म्हनून थांबलो बग."

एसटी सुटली. सांगलीत विश्रामबागला उतरेपर्यंत मी रडत होते आणि बापूपेक्षा बाईंचाच राग येत होता. एवढा विश्वास होता, तर एकदा तरी माझ्या तोंडावर बोलायचं होतं.