म्हशीसाठी रचलेलं गाणं

दिवाळीनंतरची सकाळ, साल १९७४. गंगावेशीच्या चौकात, समोरच म्हैस पिळून मिळणाऱ्या धारोष्ण दुधासाठी आम्ही सात गिऱ्हाइकं बसलेलो, पेला आठ आण्यांना. आज गोठ्याजवळ कोमट दुधाचा वास आला आणि सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

ट्रकच्या भोंग्यानं म्हैस बुजली, तिनं पान्हा चोरला, दूधच सोडेना. गिऱ्हाइकं उठू लागली, दादू गवळी रडकुंडीला आला. तेवढ्यात माझी चार वर्षांची बहीण शाली मनानंच रचून गाऊ लागली:

"म्हशीबाई, म्हशीबाई, शेपटी तुझी वेणी गं! बादली बघ उपाशी हाय, दूध दे की राणी गं!"

मला लाज वाटली. "गप की गं!" मी दटावलं.

"गाऊ दे की पोरीला!" दादू ओरडला.

म्हशीनं कान हलवले आणि चुईं चुईं धारा लागल्या! शालीनं त्याच तालावर गाणं आणखी वाढवलं.

पहिला फेसाळ पेला दादूनं तिच्याच हातात दिला. "ही गाणाऱ्या बाईंची बिदागी!"