अठ्ठावीस म्हणालो होतो

माणसाला नाव असतं, ही गोष्ट माझ्या व्याह्यांना अजून पटलेली नाही. त्यांच्या मते माणसाला रक्तगट असतो, हिमोग्लोबिन असतं आणि नशीब चांगलं असेल तर कोपराच्या घडीत एक ठसठशीत शीर असते. बाकी नाव, आडनाव, हुद्दा हे सगळं पत्रव्यवहारापुरतं. डोंबिवलीत ते राहतात त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक ओ निगेटिव्ह राहतात. पंधरा वर्षांत व्याह्यांना त्या गृहस्थांचं नाव कळलेलं नाही, पण ते हेल्मेट न घालता स्कूटरवर बसले, की हे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडतात, "अहो निगेटिव्ह, डोकं झाका! तुम्ही एकट्याचे नाही आहात!" रिक्षात बसले की रस्त्याकडे न बघता हँडलवरच्या हाताकडे बघत राहतात. एकदा कल्याणात आम्ही दोघं रिक्षाने चाललो होतो, तर हे एकदम पुढे वाकून म्हणाले, "काय शीर आहे हो तुमची! अगदी सुतळी!" रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, मीटरनेच चाललोय ना?" उतरेपर्यंत त्याने रविवारच्या शिबिराला यायचं कबूल केलं होतं, आणि तो आलाही.

कुणाच्या हातावर ताजा टॅटू दिसला की त्यांना सुतक लागतं. आमच्या लिफ्टमध्ये व्यायामाने फुगलेल्या एका तरुणाला ते म्हणाले, "अरे, आता वर्षभर रक्त देता येणार नाही तुला." तो म्हणाला, "काका, गर्लफ्रेंडचं नाव आहे." "मग तिचा रक्तगट लिहायचास, कधीतरी कामाला आला असता." कुणाकडे जाताना ते पेढे नेत नाहीत, खजूर नेतात. हिमोग्लोबिन कमी म्हणून शिबिरातून परत पाठवलेल्या बाईच्या घरी पुढच्या आठवड्यात अळिवाचे लाडू पोचतात, आणि तीन महिन्यांनी हे स्वतः. साखरपुड्यात माझ्या मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर लोखंडी कढई दिली. "सोनं सासूबाई घालतील. लोखंड माझ्याकडून." विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्यांना समोर माणूस दिसतच नाही. साडेतीनशे मिली दिसतं."

अशा माणसाशी मी पहिल्याच भेटीत खोटं बोललो.

ते आमच्या नौपाड्यातल्या घरी बोलणी करायला आले होते. मुलामुलीचं आधीच ठरलेलं होतं, मोठ्यांनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं. मी पत्रिका काढून ठेवली होती, ती त्यांनी चष्मा न लावताच बाजूला सारली. "ते राहू द्या. तुमचा गट कोणता?" "बी पॉझिटिव्ह." "वा. आणि किती वेळा?" किती वेळा काय, हे मला कळलं. कुणाला इंजेक्शन देताना पाहिलं तरी मी भिंत धरतो. रक्तदानाचा मंडप दिसला की मी रस्ता बदलतो, आणि ऑफिसातल्या शिबिराच्या दिवशी मला दरवर्षी ताप येतो. पण दारात माझी मुलगी उभी होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. मी म्हणालो, "अठ्ठावीस."

अठ्ठावीसच का, ते मला आजही सांगता येत नाही. पंचवीस खोटं वाटलं असतं आणि तीस जरा जास्त झाले असते. माझी बायको चहाचे कप घेऊन आली तशीच आत वळली. व्याही मात्र उठले, त्यांनी मला मिठी मारली आणि मुलाला म्हणाले, "झालं! मला आणखी काही विचारायचं नाही."

लग्नपत्रिका आली तेव्हा या आकड्याची किंमत कळली. 'आहेर आणू नयेत' हे छापतातच, पण त्याखाली होतं, 'कार्यालयात रक्तदान शिबिर आहे. कृपया घरून पोटभर नाश्ता करून यावे.' माझ्या मेहुण्याने फोनच केला, "भावजी, लग्नात जेवण नाही का?" मला मात्र वेगळीच चिंता होती. मी व्याह्यांना सांगितलं, "माझा कन्यादानाचा उपास असणार. उपाशीपोटी कसं देणार?" एवढं अभेद्य कारण मला आयुष्यात सुचलं नव्हतं. ते म्हणाले, "गुरुजींना विचारून ठेवलंय. मुहूर्त अकरा वीसचा. बाराला उपास सुटतो. पोटभर जेवा, तीनला आडवे व्हा."

तीन वाजता मी रांगेत होतो. रक्तपेढीवाल्यांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. रक्त कमी असेल तर तो तरंगतो, म्हणून मी गणपतीला मनोमन साकडं घातलं. माझा थेंब दगडासारखा तळाला गेला. रक्तदाब वर गेलेला होता, ही शेवटची आशा. पण "पंधरा मिनिटं बसा" म्हणून बसवलं, तर व्याही येऊन पाठीवरून हात फिरवत राहिले आणि तोही उतरला. मग फॉर्म घेऊन बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी किती वेळा दिलंय?"

मी खाली बघून म्हणालो, "पहिलंच."

नेमका त्याच क्षणी माइकवर व्याह्यांचा आवाज आला. "आता वधूपिता आपलं एकोणतिसावं रक्तदान करतील!" टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनी माइककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "फॉर्मवर मी खरं तेच लिहिणार. बाहेर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटले होते. मग वाट बघत राहिलो, आणि पुढे काही झालंच नाही. त्रेपन्न वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंसंच होतं. मी टोचलेल्या हाताकडे चुकूनही न बघता पडून राहिलो. संपल्यावर मात्र उठताना मी भिंत धरली, म्हणून मला अर्धा तास झोपवून ठेवलं. माइकवरून आवाज आला, "बघा, मुरलेला दाता बघा! उठायची घाई नाही!" मुलगी शालू सावरत धावत आली. "बाबा, तुम्ही? खरंच दिलंत?" आणि माझा हात धरून रडायला लागली. लोकांना वाटलं, पाठवणी जवळ आली म्हणून.

त्याला तीन वर्षं झाली. तापाबिपाने माझ्या तीन-चार खेपा हुकल्या. व्याही दर तीन महिन्यांनी मला न्यायला येतात आणि ओळख करून देतात, "अठ्ठावीस ऐकलं आणि मी सून नक्की केली." खरं सांगायचं म्हणून मी दर वेळी तोंड उघडतो. एकदा चहा पिताना अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात तेच बोलायला लागले. मुलाच्या जन्माच्या वेळी विहीणबाईंना तीन बाटल्या रक्त लागलं होतं. कोलशेतच्या कुठल्याशा कारखान्यातले तीन कामगार बातमी ऐकून कामाच्या कपड्यांतच आले, देऊन गेले. "त्यांची नावं विचारायचीही शुद्ध नव्हती मला. नंतर खूप शोधलं. आता नावं विचारतच नाही कुणाला, सरळ गट विचारतो." मी चहा संपवला.

स्वतः त्यांनी नव्याण्णव वेळा रक्त दिलंय. शंभराव्याच्या वेळी डेंगी झाला आणि त्यातून उठेपर्यंत पासष्ट पूर्ण झाली. त्यापुढे कुणी घेत नाही. तेव्हापासून ते बाहेर खुर्चीवर बसतात. दात्यांची बिस्किटं पुढे केली तर हात मागे घेतात. "नको, आता माझा हक्क नाही." गेल्या महिन्यात बाळकुमच्या शिबिरात मी आत देऊन बाहेर आलो, तर माझ्या हातावरच्या चिकटपट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. मग हसत म्हणाले, "व्याही, तुमचे सदतीस झाले. त्यातलं एक मला द्या की. माझे शंभर होतील."

त्यांच्या लेखी ही गंमत होती. पण सदतीसमधले अठ्ठावीस माझ्याकडे नव्हतेच. नसलेल्यातलं एक काढून या माणसाच्या हातावर ठेवायचं? मी म्हणालो, "लग्नातलं घ्या."

"अहो, ते तर सगळ्यांत चांगलं!"

"म्हणूनच," मी म्हणालो. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि समोरच्या बशीतलं एक बिस्किट उचलून हळूहळू खाल्लं.

म्हणजे आता माझ्याजवळ आठ राहिले. खरेखुरे अठ्ठावीस व्हायला आणखी वीस हवेत. सगळं वेळेवर दिलं तर पाच वर्षं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा असेन, वयात बसेन. त्या दिवशी त्यांना बाहेरच्या खुर्चीवर गाठून सगळं सांगायचं ठरवलंय. हल्ली जिना चढताना ते पहिल्या मजल्यावर थांबतात आणि कठड्यावरून वाकून तळमजल्यावरच्या निगेटिव्हची चौकशी करतोय असं दाखवतात. मी त्यांच्या शेजारी उभा राहतो. घाई नाही म्हणतो. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गुपचूप खजूर पाठवतो.