आधी गोल बसू या

"आधी गोल बसू या," असं म्हणून ते स्वतःच खुर्च्या उचलायला लागायचे. शर्टाच्या बाह्या दुमडायचे आणि टेबलासमोर ओळीनं मांडलेल्या खुर्च्या ओढून ओढून त्यांचं रिंगण करायचे. फरशीवर नुसती करकर चालायची. रिंगण झालं की जरा मागं सरकून, मान तिरकी करून बघायचे आणि एखादी खुर्ची बोटभर आत ढकलायचे. तुमच्याही कचेरीत असा एक साहेब असेल. नसेल तर नशीबवान आहात.

ते आमच्या तहसीलला नायब तहसीलदार होते आणि मी अव्वल कारकून. मूळचे दौलताबादचे, किल्ल्याच्या पायथ्याला शेती. सीताफळांच्या दिवसांत टोपली घेऊन यायचे आणि शिपायापासून सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाटायचे. "बघा बरं, डोळे उघडलेत का," म्हणत फळ दाबून बघायचे, कच्चं निघालं तर बदलून द्यायचे. कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही, कुणावर आवाज चढवला नाही. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा रोज सायकल मारत डबा घेऊन आले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की माझं त्यांच्याशी वाकडं होतं. तसं काही नव्हतं.

त्यांना फक्त ठरवता येत नसे. बांधाचं भांडण आलं की दोघांचं ऐकायचे, मग शेजाऱ्यांचं, मग शेजाऱ्यांच्या भावकीचं, आणि तारीख पुढं ढकलून घरी जायचे. तहसीलदारांनी हळूहळू त्यांच्याकडचं काम काढून घेतलं. त्यामुळं ते कायम मोकळे. त्या काळात चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते आणि तिथले मॅनेजर काम कसं करून घेतात ते सरकारी माणसांनीही शिकावं, असं वर कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. शहरातल्या प्रशिक्षण केंद्रातून सारखी पत्रं यायची. विषय नेतृत्व आणि व्यवस्थापन, एक अधिकारी पाठवा. तहसीलदार पत्र वाचून मान वर न करता विचारायचे, "कोण मोकळंय?" कामाचा माणूस पाठवला तर वसुली कोण करणार? सगळ्याच तालुक्यांतून असे मोकळे लोक जमायचे आणि गोल बसून नेतृत्व शिकायचे.

दर खेपेला ते रेक्झिनची नवी बॅग आणि एक ग्रुप फोटो घेऊन परत यायचे. "हुकूम सोडणं म्हणजे नेतृत्व नव्हे," मला सांगायचे. "निर्णय लोकांमधून वर आला पाहिजे."

"साहेब, रेशनची साखर आली नाही. लोक दारात बसलेत."

"त्यांनाही आत घ्या ना. आधी गोल बसू या."

आम्ही पोट धरून हसायचो. एवढ्यावर सगळं संपलं असतं तर आज मीही हसत हसतच हे लिहिलं असतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या तालुक्यात एका गावात दलित वस्ती जाळली. गावाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. वस्तीतली माणसं गावच्या शाळेत येऊन राहिली. घरं पुन्हा उभी करण्यासाठी प्रशिक्षित अधिकारी नेमा, असा वरून हुकूम आला. प्रशिक्षित म्हटल्यावर आमच्याकडं दुसरं नाव होतंच कुठं?

जीपमध्ये ते, मी आणि मोजणीदार. काम सरळ होतं. जळलेल्या घरांची जोती जागेवर दिसत होती, जागा त्याच लोकांच्या नावावर होती. खुंट्या ठोकायच्या, चुना टाकायचा, पत्रे उतरवून घ्यायचे आणि पुढच्या पावसाच्या आत छप्परं घालायची. वाटेत मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

शाळेच्या ओसरीवर कौसाबाई उभी होती. पन्नाशीची विधवा, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. वस्तीच्या वतीनं तीच बोलायची.

"सायब, आमची घरं जिथं व्हती तिथंच बांधून द्या. दुसरं काय बी मागत नाय."

साहेबांनी हात जोडले, अगदी मनापासून. "बाई, तुमचंच काम करायला आलोय. आधी गोल बसू या."

खुर्च्या नव्हत्या, म्हणून त्यांनी पटांगणात सतरंज्या टाकायला लावल्या. गावातल्या लोकांना बोलावणं धाडलं. कुणी जाळलं ते वस्तीला नावानिशी ठाऊक होतं. तेच लोक परीटघडीचे कपडे घालून आले. साहेब म्हणाले, "मिसळून बसा. वस्तीचा एक, गावचा एक." वस्तीची माणसं माना खाली घालून बसली. जीप निघून गेल्यावर त्यांना तिथंच राहायचं होतं.

कौसाबाई बसली नाही. "ज्यांनी जाळलं त्यांचं बी मत घ्यायचं व्हय, सायब?"

"त्यांचं तर घ्यायलाच पाहिजे. नाहीतर निर्णय टिकेल कसा?"

ती पाठ फिरवून ओसरीवर निघून गेली. गोलात तिची जागा रिकामी राहिली. साहेबांनी दोन्हीकडच्यांना हातानं खुणावलं, "सरका, सरका, जागा भरून काढा." सगळे सरकले. साहेब जरा मागं गेले आणि मान तिरकी करून त्यांनी गोल बघितला.

गावाचं मत असं पडलं की वस्तीनं नाल्यापलीकडं जावं, म्हणजे पुन्हा कटकट नको. साहेबांनी वस्तीतल्या एकेकाला प्रेमानं विचारलं, "तुमची काही हरकत?" मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाकडं न बघता एकेकानं नाही म्हणून मान हलवली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकमत," ते माझ्या कानात म्हणाले.

"साहेब, हे एकमत नाही. घाबरलेत ते."

"तुम्ही कधी प्रशिक्षणाला गेला नाहीत ना," ते समजुतीनं म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मला झटकून टाकावासा वाटला. लाच खाऊन केलं असतं, गावाला घाबरून केलं असतं, तर शिवी घालून मोकळा झालो असतो. या माणसाला आपण पुण्य केलं असं वाटत होतं. मला त्यांची किळस आली. त्यांना पुन्हा पुन्हा शिकायला पाठवणाऱ्या आमच्या कचेरीची त्याहून जास्त आली. ती अजून गेलेली नाही.

नाल्यापलीकडं घातलेल्या पत्र्याच्या शेडांत त्या पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलं. माणसं एकेक करून शहराकडं गेली. पुढं दंगा झाला नाही, असा चांगला शेरा साहेबांना मिळाला आणि त्यांची बढती झाली. दंगा व्हायला तिथं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

काही वर्षांनी चिकलठाण्याला कामासाठी गेलो असताना एका कारखान्यामागं टाकलेल्या ओतकामाच्या काळ्या वाळूच्या ढिगावर कौसाबाई दिसली. दोरीला लोहचुंबक बांधून ती लोखंडाचा चुरा वेचत होती. मला तिनं लगेच ओळखलं.

"ते गोल बसवणारं सायब हाईत का अजून?"

"मोठे साहेब झाले."

"व्हनारच की. लई गोड बोलत व्हते." असं म्हणून ती पुन्हा दोरी ओढायला लागली.

विद्यापीठाला शेवटी नाव मिळालं त्या सुमारास माझी निवृत्ती जवळ आली होती. हातातली कामं दुसऱ्यांकडं गेली होती. एक दिवस पत्र आलं आणि नव्या तहसीलदारांनी विचारलं, "कोण मोकळंय?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

प्रशिक्षण केंद्रात शिकवायला तेच होते. निवृत्त झालेले, केस पांढरे, बाह्या तशाच दुमडलेल्या. मला मिठी मारली, बायकोची तब्येत विचारली. मग खुर्च्यांचं रिंगण झालं आणि त्यांनी आम्हाला एका गावाचं उदाहरण सांगितलं. "दोन्ही समाज मी एका गोलात बसवले. आज तिथं संपूर्ण शांतता आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात वर केला. "साहेब, त्या गोलात कौसाबाई कुठं बसली होती?"

ते आठवायला लागले. ढोंग नव्हतं, खरोखर आठवत होते. "कोण कौसाबाई?" त्यांनी विचारलं. मग ते हसून सगळ्यांना म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. यावर आपण गट पाडू या."

मी उठलो आणि बाहेर पडलो. दारातून मागं वळून बघितलं तर त्यांनी माझी खुर्ची उचलून भिंतीला लावली होती. दोन्हीकडच्यांना ते हातानं खुणावत होते, "सरका, सरका, जागा भरून काढा." मग ते जरा मागं गेले आणि मान तिरकी करून गोल बघायला लागले.